रुळांच्या शाळेत एक दिवस

श्रोतेहो, दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्या की शिक्षकांच्या खोलीत एक प्रश्न हमखास निघतो : यंदा सहल कुठे न्यायची? मग कुणी म्हणते गाणगापूर, कुणी म्हणते विजापूरचा गोल घुमट, कुणी नळदुर्गचा किल्ला. ही सगळी ठिकाणे चांगलीच आहेत. पण गेल्या वर्षी अक्कलकोट तालुक्यातले एक गुरुजी मला भेटले आणि म्हणाले, "सर, मुलांना रेल्वेचं संग्रहालय दाखवायचं म्हणतोय. आमच्या पोरांनी आगगाडी लांबून पाहिलीय, पण तिचा इतिहास कुणी सांगितलेला नाही. तयारी काय करू?" त्यांचा प्रश्न मला आवडला. त्यांना मी जे सांगितले तेच आज तुम्हां सर्वांपुढे मांडतो. त्यात सहलीच्या व्यवस्थेच्या गोष्टी आहेत आणि इतिहासही आहे, कारण या बाबतीत दोन्ही एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

आधी माझी एक फजिती सांगून टाकतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी विद्यार्थ्यांची एक तुकडी घेऊन असेच एक संग्रहालय पाहायला गेलो होतो. रात्रभर प्रवास करून पोचलो, तर दाराला कुलूप. त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती आणि मी चौकशीच केलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. मुले आत शिरली ती थेट छोट्या खेळण्यातल्या गाडीकडे धावली. मग इंजिनापुढे उभे राहून फोटो, मग डबे सोडून जेवण, आणि परत. घरी आल्यावर मी एकाला विचारले, "काय पाहिलंस रे?" तो म्हणाला, "खूप मोठं इंजिन होतं, सर." एवढेच! चूक त्या मुलाची नव्हती, माझी होती. ज्या वस्तूविषयी मनात प्रश्नच नाही, ती वस्तू डोळ्यांपुढे असूनही दिसत नाही. इंजिन म्हणजे मग नुसते काळे लोखंड राहते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी : संग्रहालयाची सहल शाळेच्या पटांगणापासून सुरू करा. निघण्याआधी निदान तीन आठवडे मुलांच्या मनात प्रश्न पेरा.

आता आपल्या अक्कलकोटचेच पाहा. संग्रहालय म्हणजे काय हे इथल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. राजवाड्यातले शस्त्रागार त्यांनी पाहिलेले असते. तलवारी, बंदुका, ढाली मांडून ठेवल्या म्हणजे त्यांतून एका काळाची ओळख होते, हे त्यांना ठाऊक असते. त्यांना एवढेच सांगायचे की जशी तलवार बोलते, तसा रूळही बोलतो. फक्त त्याला विचारायला हवे.

पहिला प्रश्न अगदी घराजवळचा आहे. आपल्या स्टेशनाचे नाव नुसते 'अक्कलकोट' नसून 'अक्कलकोट रोड' का? स्टेशन गावापासून दहा-अकरा किलोमीटर दूर का? मुलांना विचारून पाहा. बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो. याचे उत्तर रेल्वेच्या जन्मकथेत आहे. ज्या कंपनीने हा मार्ग बांधला तिचे नाव ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे जी.आय.पी. या कंपनीपुढे मोठे ध्येय होते ते मुंबई आणि मद्रास ही दोन बंदरे जोडण्याचे. मोठ्या मार्गाची आखणी करणारा इंजिनीयर चढ-उतार पाही, नदी-ओढे पाही, खर्च पाही. वाटेतल्या प्रत्येक गावासाठी तो वळण घेत नसे. मग जे गाव मार्गापासून बाजूला पडे, त्याच्या नावापुढे 'रोड' लागे. अर्थ असा की इथे उतरा आणि पुढे सडकेने जा. अक्कलकोट रोड, गाणगापूर रोड ही अशीच नावे. आज आपण ज्याला कुर्डुवाडी म्हणतो, त्या स्टेशनाचे जुने नावही 'बार्शी रोड' असेच होते. पाहा, स्टेशनाच्या एका पाटीत केवढा इतिहास दडलेला असतो!

दुसरा प्रश्न वर्षांचा आहे, आणि तो मुलांना कोड्यासारखा घालावा. फळ्यावर चार तारखा लिहा. 16 एप्रिल 1853 : मुंबईच्या बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत पहिली प्रवासी आगगाडी धावली. 1858 : खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली. 1860 : गाडी सोलापूरला पोचली. 1863 : बोरघाटातला रेल्वेमार्ग खुला झाला. आता मुलांना म्हणा, नीट पाहा, यात काही चमत्कारिक दिसते का?

एखादी चुणचुणीत मुलगी हात वर करीलच. "गुरुजी, घाटात रूळ 1863 ला पडले, तर त्याच्या आधी तीन वर्षं सोलापूरला इंजिन आलं कसं?"

शाबास! ज्या वर्गात हा प्रश्न निघाला, त्या वर्गाची निम्मी सहल झाली असे समजा. गोष्ट अशी की घाटाच्या खालचा मार्ग आणि घाटाच्या वरचा मार्ग आधी तयार झाले, आणि मधला घाट तेवढा राहिला. मुंबईहून आलेला प्रवासी खोपोलीला गाडीतून उतरे, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढे आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसे. माणसे चालून गेली, पण इंजिन चालून जाणार कसे? इंजिने, डबे, रूळ हे सगळे सामान घाटरस्त्यानेच वर न्यावे लागले. म्हणजे आपल्या सोलापूरकडे धावलेल्या पहिल्या इंजिनांचा प्रवास रुळांवरून झाला नाही, तर सडकेवरून, माणसांच्या आणि जनावरांच्या बळावर झाला. यंत्रयुग आले ते असे बैलांच्या खांद्यावर बसून आले.

आणि तो घाट! सुमारे 15 मैलांचा मार्ग, 1,800 फुटांहून अधिक चढ, 25 बोगदे. काही ठिकाणी 37 फूट पुढे जाताना गाडी एक फूट वर चढे. पहार, छिन्नी, हातोडा आणि सुरुंगाची दारू यांच्या जोरावर हे काम झाले. हजारो मजूर तिथे राबत होते आणि पटकीसारख्या रोगांनी व अपघातांनी त्यांतले हजारो तिथेच मेले. 1859 साली मजुरीवरून दंगाही झाला आणि पहिल्या ठेकेदाराने काम सोडले. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा नवा ठेकेदार विलायतेहून आला, तो थोड्याच दिवसांत मरण पावला. तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ठेका सोडला नाही. हुशार इंजिनीयर हाताशी धरून तिने काम तडीस नेले. मुलींच्या वर्गात ही गोष्ट जरूर सांगा. पण त्याबरोबर हेही सांगा की ट्रेडवेलबाईचे नाव आपल्याला माहीत आहे, आणि ज्या बायांनी डोक्यावरून खडी वाहिली त्यांतल्या एकीचेही नाव आपल्याला माहीत नाही. संग्रहालयात गेल्यावर मुलांनी हे शोधावे : इथे कुणाची नावे लिहिलेली आहेत आणि कुणाची नाहीत?

सोलापूरच्या पुढे मार्ग आपल्या मुलखातून, होटगी, तिलाटी, अक्कलकोट रोड, दुधनी असा गुलबर्ग्याकडे गेला आणि 1871 साली रायचूरला मद्रासकडून आलेल्या मार्गाला मिळाला. मुंबई आणि मद्रास जोडली गेली. स्वामी समर्थांनी 1878 साली देह ठेवला. म्हणजे त्यांच्या हयातीतच मुंबई-पुण्याकडच्या भक्तांना आगगाडीने येण्याची सोय झालेली होती. मुलांना आपल्या गावचा काळ आणि रेल्वेचा काळ असा शेजारी शेजारी ठेवून दाखवला म्हणजे सनावळ्या पाठ कराव्या लागत नाहीत, त्या आपोआप ध्यानात राहतात.

आता तिसरा प्रश्न. हा पटांगणावरचा आहे आणि मुलांना सर्वांत आवडणारा आहे. चुन्याची भुकटी घ्या, टेप घ्या आणि समांतर रेघांच्या तीन जोड्या आखा. पहिल्या जोडीत 1 मीटर 676 मिलिमीटर अंतर, म्हणजे साडेपाच फूट. दुसरीत बरोबर 1 मीटर. तिसरीत 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. मग मुलांना सांगा, मध्ये उभे राहून दोन्ही हात पसरा. पहिल्या जोडीत पाचवीतल्या मुलाचे हात दोन्ही रेघांना पोचत नाहीत. दुसरीत सहज पोचतात. तिसरी तर तो एका ढांगेत ओलांडतो.

या झाल्या रुंद, मध्यम आणि अरुंद मापाच्या वाटा. आणि गंमत अशी की हे तिन्ही प्रकार आपल्या एका सोलापूर जिल्ह्यात होते! मुंबई-मद्रास हा रुंद मार्ग. होटगीहून विजापूर, बागलकोटवरून गदगला जाणारा मीटर मापाचा मार्ग. तो 1880 नंतरच्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने चालवायला घेतला. आणि कुर्डुवाडीची बार्शी लाइट रेल्वे, ती अरुंद मापाची. भारतात रेल्वेचे जे प्रकार झाले, त्यांतले तीन मोठे प्रकार पाहायला आपल्या आजोबा-पणजोबांना जिल्ह्याबाहेर जावे लागत नव्हते.

बार्शीच्या गाडीविषयी थोडे अधिक सांगतो, कारण ती माझ्या आवडीची. एव्हरर्ड कॅलथ्रॉप नावाचा एक इंग्रज इंजिनीयर होता. बार्शी ही तेव्हा कापसाची आणि धान्याची मोठी पेठ. पण मुख्य मार्गापासून वीसेक मैल दूर. सगळा माल बैलगाड्यांनी 'बार्शी रोड'ला यायचा. कॅलथ्रॉपने विचार केला की मोठी रेल्वे परवडत नसेल तर लहान बांधू, पण ती हिशेबाने बांधू. इंजिन असो की डबा असो, त्याच्या कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये, असा नियम त्याने केला. भार सगळीकडे सारखा, म्हणून रूळ हलके चालले, पूल हलके चालले आणि खर्च उतरला. 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी हा 21 मैलांचा मार्ग सुरू झाला. 1906 साली गाडी पंढरपूरला गेली, 1911 साली लातूरला आणि 1927 साली मिरजेला. लातूरपासून मिरजेपर्यंत सव्वातीनशे किलोमीटरची ही इवलीशी वाट! या कॅलथ्रॉपने पुढे विलायतेतही अशाच मापाची एक रेल्वे बांधली. म्हणजे बार्शीच्या माळावर पारखलेली अक्कल इंग्लंडच्या खोऱ्यात कामाला आली. विद्या नेहमी तिकडून इकडेच येते असे नाही, हे मुलांना सांगायला हे उदाहरण मोठे चांगले आहे.

1954 साली ही रेल्वे सरकारने घेतली. आषाढी-कार्तिकीला लाखो वारकऱ्यांनी तिच्यातून पंढरी गाठली. मी स्वतः लहानपणी आजीबरोबर कुर्डुवाडीहून पंढरपूरला तिच्यातून गेलो आहे. गाडी इतकी सावकाश चाले की पोरे उतरून, बोरे वेचून पुन्हा चढतात असे आजी सांगायची. मी काही कुणाला उतरताना पाहिले नाही, पण खिडकीतून हात घातला की बाभळीचा पाला हाताला लागे, हे मात्र पक्के आठवते. 2000 सालानंतरच्या दहा-अकरा वर्षांत तो सगळा मार्ग रुंद झाला. होटगीचा मीटर मार्गही रुंद झाला. सोय झाली, वेळ वाचला, माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत भरण्याची यातायात संपली. त्या यातायातीवर ज्यांचे पोट होते त्या हमालांचे काम मात्र गेले. प्रगतीच्या जमाखर्चात ही बाजूही मुलांना दाखवावी.

चौथा प्रश्न थोडा जड आहे, आठवीच्या पुढच्या मुलांसाठी ठेवा. रेल्वेने आपले भले केले की बुरे? रेल्वे आली आणि कापूस मुंबईला जाऊ लागला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1877 साली सोलापूरला कापडाची पहिली मोठी गिरणी सुरू झाली. यंत्रे आली ती रेल्वेने, सूत गेले ते रेल्वेने. ही जमेची बाजू. पण त्याच सुमारास, 1876 ते 1878, दख्खनात भयंकर दुष्काळ पडला, आणि सोलापूर जिल्हा त्यात फार होरपळला. रेल्वेने बाहेरून धान्य आणले, हे खरे. पण शेतात काम नव्हते, म्हणून मजुराच्या हातात दाम नव्हता. स्टेशनावर पोती आणि गावात उपवास असा तो प्रकार. गाडी धान्य आणू शकते, पण ते विकत घेण्याची ऐपत ती आणू शकत नाही. शिवाय रेल्वे कंपन्यांना सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिलेली होती. नफा कमी पडला तर ती भरपाई इथल्या रयतेच्या करातून होत असे. या विषयावर वर्गात दोन पक्ष करून वादविवाद घ्या. निकाल देऊ नका. मुलांना दोन्ही बाजूंचे वजन कळले म्हणजे पुरे.

लहान मुलांसाठी घड्याळाची गोष्ट सांगता येईल. पूर्वी मुंबईची वेळ वेगळी आणि मद्रासची वेगळी. दोहोंत अर्ध्या तासाचा फरक. आगगाडीला हे कसे चालणार? तेव्हा रेल्वेने आपल्यापुरती मद्रासची वेळ धरली. पुढे 1906 पासून सगळ्या देशाची एक प्रमाणवेळ ठरली. मुंबई शहराने मात्र आपली जुनी वेळ 1955 पर्यंत सोडली नाही! सूर्य डोक्यावर आला की दुपार, असे मानणाऱ्या खेड्याला मिनिटांची ओळख करून दिली ती आगगाडीने.

श्रोतेहो, एवढी पेरणी झाली की मग पुस्तक मिटा आणि मुलांना गावात पाठवा. आपल्या तालुक्यात रेल्वेत नोकरी केलेली वडीलधारी माणसे पुष्कळ आहेत. कुणी गँगमन होते, कुणी सांधेवाले, कुणी फाटकावर होते, कुणी कोळसा टाकता टाकता ड्रायव्हर झाले. मुलांनी त्यांच्या ओसरीवर बसून विचारावे : काका, तुमचा दिवस कधी सुरू व्हायचा? कंदील कसा दाखवायचे? रात्री पावसात रूळ कसा तपासायचे? एकेका माणसाचे बोलणे वहीत उतरवून घ्यावे. कानडीत बोलले तर कानडीत लिहावे, आपल्या सीमेवरच्या मुलांना दोन्ही भाषा येतात, ही आपली श्रीमंती आहे. वाफेची इंजिने आपल्या मार्गावरून जाऊन कैक वर्षे झाली. आज इथे विजेवर गाड्या धावतात. ज्यांनी इंजिनात कोळसा टाकला ती माणसे आता पिकली पाने आहेत. संग्रहालयातले इंजिन आणखी शंभर वर्षे टिकेल, पण ते चालवणाऱ्याचा आवाज टिकणार नाही. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

आता प्रत्यक्ष सहल. मी दोन टप्पे सुचवतो.

पहिला टप्पा एका दिवसाचा आणि कमी खर्चाचा. सकाळी अक्कलकोट रोड स्टेशन. स्टेशनमास्तरांना आधी पत्र देऊन परवानगी घ्यावी. पाटी पाहावी, तिच्यावर लिहिलेली समुद्रसपाटीपासूनची उंची टिपून घ्यावी, वेळापत्रक वाचावे. मग गाडीने होटगी, आणि जमल्यास कुर्डुवाडी. कुर्डुवाडीला बार्शी लाइटच्या काळापासूनचा रेल्वे कारखाना आहे. आत जाता आले नाही तरी हरकत नाही, पण तीन वाटांपैकी दोन वाटा कुठे येऊन मिळत होत्या, हे त्या जागी उभे राहून मुलांना दाखवता येते.

दुसरा टप्पा संग्रहालयाचा. आपल्याला सोयीची ठिकाणे अशी. हुबळीला रेल्वे स्टेशनाजवळच 2020 साली रेल्वे संग्रहालय उघडले आहे. होटगी-गदग मार्गाने तिकडे जाता येते, म्हणजे जुन्या मीटर वाटेनेच प्रवास होतो, आणि सदर्न मराठा रेल्वेचा इतिहास तिच्याच मुलखात पाहायला मिळतो. कानडी येणाऱ्या मुलांनी तिथल्या पाट्या वाचून इतरांना सांगाव्यात. पुण्याला कोथरूड भागात भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय 1998 पासून आहे. तिथे खऱ्या गाड्या नाहीत, हुबेहूब लहान प्रतिकृती आहेत; पण सिग्नल, सांधे, पूल हे सगळे चालू स्थितीत एका दृष्टिक्षेपात दिसते, म्हणून पाचवी-सहावीच्या मुलांना ते फार उमजते. नागपूरला मोतीबागेत 2002 सालापासून अरुंद मापाच्या रेल्वेचे संग्रहालय आहे. बार्शीच्या गाडीचा अभ्यास केलेल्या मुलांना तिथे ओळखीचे कोणी भेटल्यासारखे वाटेल. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत हेच एक संग्रहालय आहे. 2004 साली तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. आणि देशातले मोठे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय दिल्लीला आहे. ते 1977 साली उघडले. 1855 साली बांधलेले 'फेअरी क्वीन' हे इंजिन त्याच संग्रहालयामुळे जगभर माहीत झाले. पण दिल्ली लांब आहे, खर्च मोठा आहे. जवळचे नीट पाहिलेले बरे.

जायचे ठरले की या गोष्टी कागदावर लिहून काढा. संग्रहालयाला आधी पत्र लिहा किंवा फोन करा : सुट्टीचा वार कोणता, उघडण्याची वेळ कोणती, शाळेला सवलत आहे का, माहिती सांगणारा माणूस मिळेल का. माझी फजिती आठवा. शिक्षण खात्याची परवानगी आणि पालकांची संमतिपत्रे वेळेत घ्या. ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांच्या अभ्याससहलीला रेल्वेभाड्यात सवलत मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी मुख्याध्यापकांच्या सहीचा अर्ज लागतो. तेव्हा महिनाभर आधी स्टेशनावर चौकशी करा. आणि शक्य असेल तर सहल रेल्वेनेच न्या. एस.टी.ने जाऊन रेल्वे पाहणे म्हणजे विहिरीवर जाऊन घरून आणलेले पाणी पिण्यासारखे आहे.

दहा-दहा मुलांचे गट करा आणि प्रत्येक गटामागे एक मोठे माणूस ठेवा. मुली असतील तर शिक्षिका हवीच. प्रथमोपचाराची पेटी, पिण्याचे पाणी, मुलांची यादी आणि पालकांचे नंबर जवळ असू द्या. फलाटावर पिवळ्या पट्टीच्या मागे उभे राहायचे, रूळ ओलांडायचा नाही, दारात बसायचे नाही आणि विजेच्या तारांखाली काठी-छत्री उंच करायची नाही, हे नियम निघण्याच्या आदल्या दिवशी मुलांकडूनच म्हणवून घ्या. यात भीड नको.

संग्रहालयात गेल्यावर सगळे पाहण्याचा हव्यास नको. प्रत्येक गटाला एकच काम द्या. एका गटाने एका इंजिनाचे चित्र काढावे आणि पाणी, कोळसा, वाफ कुठून कुठे जाते ते बाणाने दाखवावे. दुसऱ्याने टेप घेऊन, परवानगी असेल तिथे, रुळांमधले अंतर मोजावे. पटांगणावरच्या रेघा तेव्हा आठवतील. तिसऱ्याने पहिल्या वर्गाचा आणि तिसऱ्या वर्गाचा डबा शोधून बाकांमधला फरक लिहावा. तिसरा वर्ग कुणासाठी होता, हे मग सांगावे लागत नाही. चौथ्याने कामगारांच्या वस्तू पाहाव्यात : कंदील, शिट्टी, हिरवे-लाल निशाण, एकेरी मार्गावर ड्रायव्हरला देत तो 'गोळा'. पहिला अर्धा तास मुलांना मोकळे सोडा, पळू द्या, छोट्या गाडीत बसू द्या. तो त्यांचा हक्क आहे. मग कामाला लावा.

आणि परत आल्यावर? आठ दिवसांच्या आत वर्गाच्या एका कोपऱ्यात स्वतःचे संग्रहालय मांडा. कुणाच्या घरी जुने पुठ्ठ्याचे तिकीट असेल, कुणाकडे आजोबांचा पितळी बिल्ला, कुणाकडे फोटो. नाव-गाव लिहून मांडा आणि नंतर ज्याची वस्तू त्याला परत करा. मात्र रुळांवरून एक खिळाही उचलून आणायचा नाही, हे बजावून सांगा. तो खिळा हजार प्रवाशांचा जीव धरून असतो. ओसरीवर लिहून घेतलेल्या आठवणी मधोमध ठेवा. पालकांना बोलवा. ज्या आजोबांच्या आठवणी आहेत त्यांनाच नारळ फोडायला लावा.

त्या गुरुजींनी असेच केले. त्यांची सहल झाल्यावर मी शाळेत गेलो होतो. भिंतीवर घाटाचे चित्र होते आणि खाली एका मुलाने मोठ्या अक्षरांत लिहिले होते : "बैलांनी इंजिन वर आणले. बैलांचा फोटो संग्रहालयात नव्हता. म्हणून आम्ही काढला." मंडळी, मला त्या कागदापुढून हलवेना. मी नेलेल्या मुलाला नुसते मोठे इंजिन दिसले होते. या मुलाला इंजिनाच्या मागचा बैल दिसला, आणि बैलाच्या मागचा माणूसही त्याला उद्या दिसेल.

आपल्या शेतापलीकडून रोज गाड्या जातात. त्यांच्या आवाजाची आपल्याला इतकी सवय झाली आहे की तो ऐकूही येत नाही. यंदाच्या सहलीने मुलांना तो आवाज पुन्हा ऐकू यावा, आणि ऐकल्यावर त्यांनी विचारावे, "ही वाट कुणी बांधली?" एवढे झाले तर सहलीची वर्गणी सत्कारणी लागली असे मी म्हणेन.